कादंबरीतला कळीचा प्रसंगच लिहून होत नाही, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की गिरणी संपावरच्या कादंबरीची बरीच पानं सरसर उतरली, पण नायक संप मोडून कामावर जातो तो प्रसंग काही केल्या जमत नाही, दर वेळी भाषणबाजी होते. मीही कादंबऱ्या लिहितो, आणि अशाच जागी माझाही हात अडतो.

माझ्या मते अडचण प्रसंग मोठा असण्याची नाही. त्या प्रसंगाकडून कादंबरीला काय हवंय ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, पण त्या पहाटे खोलीतल्या माणसांना काय हवंय ते अजून ठरलेलं नाही. मग पात्रं लेखकाच्या वतीने बोलू लागतात.

१८ जानेवारी १९८२ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. पण तुमचा साचाखात्यातला, म्हणजे मागावर कापड विणणारा, नायक पहाटे उठतो तेव्हा त्याच्या डोक्यात हा आकडा नसतो. त्याची बायको खानावळ चालवते ना? मग जेवणारे गडी संपामुळे गावाला गेलेत, मागची बाकी तशीच ठेवून. वाण्याने उधारी थांबवलीय. आता तिला एकच काळजी: नवऱ्याच्या हातात डबा दिसला की अख्ख्या चाळीला कळणार. ती म्हणते, "डबा नका नेऊ," आणि भाकरी फडक्यात बांधून देते. तो ती सदऱ्याआड धरतो. आता गॅलरीतून नळापर्यंतचं अंतर लिहा. 'संप' हा शब्द न आणता लिहून बघा, मला खात्री आहे की भाषण आपोआप गळेल.

नळावर त्याचा जो मित्र भेटणार, त्याचे उपकार मात्र वाचकाला आधीच माहीत हवेत. गावाहून आलेल्या तांदळातला अर्धा त्याने यांच्याकडे पोचवला होता, असं काहीतरी पन्नासेक पानं आधी घडू द्या. नाहीतर ते सगळं इथेच सांगत बसावं लागतं, आणि प्रसंग जड होतो. तरीही अडलात तर त्या दिवसाची संध्याकाळ आधी लिहा. तो परत येतो तेव्हा कोण तोंड फिरवतं हे कळलं की सकाळ पुष्कळदा सुटते.

आणि एक गोष्ट तुमच्या प्रश्नात कुठेच नाही: तो नेमका कधी परत जातो? हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, त्यामुळे इतिहास तुम्हाला तयार तारीख देणार नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत गेला तर तो फितूर. वर्ष उलटल्यावर गेला, तर त्याच्या आधी कितीतरी जण गेलेले असतील, आणि कदाचित गिरणीच त्याला परत घेणार नाही. दोन्ही ठिकाणी लाज आहे, पण ती एकच लाज नव्हे. आधी महिना ठरवा. त्यावरून नळावरचा मित्र त्याला शिवी देतो की हळूच विचारतो, "माझंही नाव सांगशील का आत?", ते ठरेल.