प्रबोधनकाळात युरोपातलं शिक्षण आणि संस्कृती नेमकी कशी बदलली?

चित्रं-शिल्पं सगळ्यांना आठवतात, पण माझ्या मते खरा बदल वाचण्याच्या पद्धतीत झाला. जुना ग्रंथ म्हणजे प्रमाण, ही सवय मोडली.

याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे इटालियन विद्वान लोरेंझो वाल्ला. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेची सत्ता पोपला दान दिली, असं सांगणारा एक दस्तऐवज शतकानुशतकं दाखवला जात होता. वाल्लाने १४४० मध्ये त्यातली लॅटिन तपासली. रोमन अधिकाऱ्यांना त्यात 'सत्रप' म्हटलं होतं, म्हणजे इराणी सुभेदारांचा शब्द वापरला होता. चौथ्या शतकातला रोमन लेखक असं लिहिणारच नाही. म्हणजे कागद बनावट! तलवार नाही, सत्ता नाही, फक्त व्याकरण आणि शब्दांची जाण. मला हे आजही थरारक वाटतं.

मग छपाई आली. गुटेनबर्गचं बायबल १४५५ च्या सुमारास माइन्झला छापलं गेलं. पुढे व्हेनिसमध्ये आल्डुस मानुटियसने ॲरिस्टॉटल मूळ ग्रीकमध्ये छापला आणि १५०१ पासून हातात मावतील अशी छोटी अभिजात पुस्तकं काढली. मठाबाहेरचा माणूसही ग्रंथ बाळगू लागला.

वैद्यकातही तेच. इटलीतल्या पादुआत शिकवणाऱ्या वेसॅलियसने स्वतः शवविच्छेदन करून १५४३ मध्ये दाखवलं, की माणसाचा खालचा जबडा एकाच हाडाचा असतो, प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेन म्हणतो तसा दोन हाडांचा नाही. गॅलेनचं ज्ञान बरंचसं जनावरांच्या विच्छेदनावर बेतलेलं होतं.

शेतकऱ्यांच्या आणि बहुतेक स्त्रियांच्या वाट्याला मात्र यातलं फार थोडं आलं.

आपल्याकडे ही छपाई १५५६ मध्ये पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरली.