ओटीजीचा खालचा रॉड तापत नसेल, तर सुटा भाग आणून तो घरीच बदलावा का?

आपल्या ओटीजीचा (म्हणजे ओव्हन, टोस्टर आणि ग्रिलर एकत्र असलेल्या विजेच्या छोट्या ओव्हनचा) वरचा भाग तापतो, खालचा थंडच राहतो, घरी आलेल्या मेकॅनिकने तो उघडूनही न पाहता नवा घेण्याचा सल्ला दिला आहे, आणि सुटे भाग आणून ही दुरुस्ती स्वतः करता येईल का व ती परवडेल का, असे आपण विचारले आहे. करता येते, परवडते, आणि माझ्या मते ती करायलाच हवी. प्रश्न वाचताच मी उत्तर लिहायला घेतले, कारण "आता नवीनच घ्या" हे वाक्य माझ्याच स्वयंपाकघरात उभे राहून मलाही ऐकवण्यात आले होते आणि त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

आपण दिलेल्या वर्णनातूनच निम्मे निदान होते. फिरवायच्या बटणांच्या ओटीजीत वीज प्लगमधून टायमरकडे, तिथून तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटकडे, मग वर-खाली निवडायच्या सिलेक्टरकडे आणि शेवटी रॉडकडे जाते. क्रम कंपनीगणिक थोडा मागेपुढे होतो, पण भाग एवढेच असतात. वरचे रॉड तापत आहेत, त्या अर्थी टायमर आणि थर्मोस्टॅट या दोघांतून वीज पुढे जात आहे. उरले तीनच संशयित: सिलेक्टरचा खालच्या बाजूचा संपर्क, तिथून रॉडपर्यंत जाणारी वायर आणि खुद्द रॉड. यांपैकी कोणतीही वस्तू दुर्मीळ नाही आणि कोणतीही बदलण्यासाठी कारखान्यात जावे लागत नाही.

माझा ओव्हन बंद पडला तो दिवाळीच्या तोंडावर. मी घरून नानकटाई आणि बिस्किटांच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे त्या दिवसांत ओव्हन बंद पडणे म्हणजे घेतलेले शब्द मोडणे होते. लक्षण अगदी आपण लिहिले आहे तेच होते: नानकटाईला वरून रंग येई आणि खालून ती कच्ची, पांढरी राही. मेकॅनिक आला, त्याने बटणे दोनदा फिरवली, दार उघडून आत हात फिरवला आणि म्हणाला, "ताई, बोर्ड गेलाय. बोर्ड मिळत नाही आता. नवीनच घ्या." माझ्या ओव्हनमध्ये इलेक्ट्रॉनिक बोर्ड नावाची वस्तूच नाही. तीन बटणे, एक दिवा, चार रॉड आणि त्यांना जोडणाऱ्या वायरी, एवढाच तो संसार आहे. हे मी त्याला सांगितले, तेव्हा त्याने माझ्याकडे न पाहता यजमानांना विचारले, "साहेब, ऑफरमध्ये एक आहे, दाखवू का?" ज्या यंत्रावर मी रोज काम करते, त्याविषयीचा प्रश्न माझ्या डोक्यावरून दुसऱ्याला विचारला जावा, हे मला सहन झाले नाही. भेटीचे पैसे देऊन मी त्याला निरोप दिला आणि दुपारी ओव्हन ओट्यावरून उतरवून जमिनीवर जुन्या चादरीवर घेतला.

मागचा आणि बाजूचा पत्रा काढण्याआधी प्लग भिंतीतून उपसून तो डोळ्यांसमोर ठेवावा. नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण घरातल्या सॉकेटमध्ये फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) उलट जोडलेले असले, तर बटण न्यूट्रल तोडते आणि फेज ओव्हनपर्यंत तशीच पोहोचलेली राहते. पत्रा निघाल्यावर कोणती वायर कुठे जाते याचे फोटो काढावेत. आतल्या वायरींचे रंग पुष्कळदा एकसारखेच असतात. पत्र्याच्या कडा हात कापतात, म्हणून हातमोजे घालावेत.

आत दिसले ते असे. खालच्या दोन रॉडपैकी मागच्या रॉडवर, वळणाच्या अलीकडे, मोहरीएवढा काळा फोड आला होता आणि त्याच्या तोंडाशी पांढरी भुकटी साचली होती. ती भुकटी म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड. रॉडच्या धातूच्या नळीत मधोमध निक्रोम या मिश्रधातूच्या तारेची गुंडाळी असते आणि तार नळीला लागू नये, तरी तिची उष्णता मात्र बाहेर पोहोचावी, म्हणून भोवती ही भुकटी ठासलेली असते. नळी फुटली की आतली तार हवा लागून जळते. त्याच रॉडच्या टोकाचे थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी, निळेकाळे पडले होते आणि बोटाने दाबताच त्याचा तुकडा पडला. पुढचा रॉड मात्र दिसायला धडधाकट होता, तरीही तो तापत नव्हता. याचे कारण समजून घेणे फार महत्त्वाचे आहे, कारण चुकीचा सुटा भाग घरी येतो तो इथेच. कित्येक ओटीजींत खालचे दोन रॉड सिरीजमध्ये, म्हणजे एकातून निघालेली वीज दुसऱ्यात जाईल असे जोडलेले असतात. एक तुटला की दोन्ही थंड पडतात.

म्हणून मल्टिमीटरशिवाय, म्हणजे रोध आणि व्होल्टेज मोजणाऱ्या मीटरशिवाय, या कामाला हात लावू नये. साधा मीटर पुरतो. रॉडची एक बाजू वायरीपासून सोडवून मग रोध मोजावा, नाहीतर दुसऱ्या वाटेचा आकडा दिसतो. किती रोध यायला हवा, हे शाळेतल्या सूत्रावरून निघते: व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. माझ्या ओव्हनच्या मागच्या पाटीवर २३० व्होल्ट आणि १५०० वॅट असे लिहिले आहे. त्यातले निम्मे, म्हणजे ७५० वॅट, खालच्या जोडीचे, म्हणून जोडीचा रोध सुमारे ७० ओहम आणि प्रत्येक रॉडचा ३५. चांगल्या रॉडने मीटरवर ३५ च्या आसपास आकडा दाखवला, फुटलेल्याने काहीच दाखवले नाही. निदान तिथेच संपले, आणि कोणत्याही बोर्डाचा त्यात संबंध नव्हता.

दुसऱ्या दिवशी जुना रॉड वर्तमानपत्रात गुंडाळून मी पुण्याला तापकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, गेले. पहिल्या दुकानदाराने लांबी आणि वळण जुळवून तत्काळ एक रॉड पुढे केला. मी मीटर काढून काउंटरवरच तो मोजला. आकडा १४० च्या वर गेला. तो रॉड एकट्याने २३० व्होल्टवर चालण्यासाठी बनवलेला होता, माझ्या जोडीत बसण्यासाठी नव्हे. तो बसवला असता, तर दोघांचा मिळून रोध १७५ च्या पुढे गेला असता आणि खालची बाजू ७५० ऐवजी जेमतेम ३०० वॅटची उरली असती. ओव्हन चालू दिसला असता, नानकटाई मात्र कच्चीच राहिली असती. मी हे सांगितल्यावर दुकानदाराने हुज्जत घातली नाही. तो माळ्यावर चढला आणि धुळीने भरलेल्या पुडक्यातून ३५ ओहमचा रॉड काढून आणला. मुंबईकडे असाल तर लोहार चाळीत पाहावे. गावाकडे असाल, तर जुना रॉड दाखवून तसाच मागवून देणारा दुकानदार जिल्ह्याच्या ठिकाणी बहुधा भेटतो. लांबी, टोकाचा स्क्रू की चपटी पट्टी, आणि रोध या तीन गोष्टी जुळायला हव्यात. कंपनीचे नाव जुळले नाही तरी चालते.

जोडणीबाबत मी अजिबात तडजोड करत नाही. ओव्हनच्या आत घरातली साधी पीव्हीसी वायर कधीही वापरू नये. तिचे वेष्टन साधारण ७० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी असते. दुकानात हीटप्रूफ वायर म्हणून फायबरग्लासचे विणलेले वेष्टन असलेली वायर मिळते, तीच घ्यावी. सांधा डाखाने जोडू नये, कारण नेहमीचा शिसे-कथिलाचा डाख १८३ अंशांना वितळतो आणि रॉडचे टोक त्याहून अधिक तापू शकते. थिंबल पकडीने घट्ट दाबून स्क्रूखाली आवळावे किंवा चिनी मातीचा कनेक्टर वापरावा. ढिला सांधा तापतो आणि पुढचे बिघाड बहुतेक तिथूनच सुरू होतात. माझे जळालेले थिंबल त्याचाच पुरावा होते.

आता परवडण्याविषयी. रॉड, वायर आणि थिंबल मिळून काही शे रुपयांत काम झाले, म्हणून परवडते, एवढे सांगून मी थांबले असते. पण माझे दीर याच प्रश्नावर अनेक वर्षे माझ्याशी वाद घालत आले आहेत आणि आपल्यालाही कोणीतरी तेच ऐकवील, म्हणून सविस्तर लिहिते. त्यांचे म्हणणे असे की, "वहिनी, पुण्याला जाण्यायेण्याचा वेळ, उघडझाक करण्याचा वेळ, याची तुम्ही किंमतच धरत नाही. तेवढ्या वेळात चार ऑर्डरी झाल्या असत्या." भावोजी हिशेबाला पक्के आहेत आणि माझ्याविषयी त्यांना आस्था आहे, हे मी जाणते. तरीही हा हिशेब मला मुळातच अपुरा वाटतो. नवा ओव्हन निवडायला, आणायला वेळ लागतोच, आणि त्यापेक्षाही अधिक वेळ त्याचा स्वभाव कळायला लागतो. माझ्या ओव्हनचा डावा मागचा कोपरा जास्त तापतो, त्याचे बटण १८० वर ठेवले की आत प्रत्यक्षात १७० च्या जवळपास तापमान राहते, आणि नानकटाईचा ट्रे अर्ध्या वेळाने फिरवावा लागतो. हे ज्ञान मी कित्येक घाण्यांमधून मिळवले आहे. दार, काच, पत्रा, थर्मोस्टॅट, टायमर आणि उरलेले तीन रॉड उत्तम असताना एका रॉडसाठी ते सगळे भंगारात देणे याला मी व्यवहार म्हणत नाही.

शिवाय ही कला आपल्याकडे परकी कधीच नव्हती. पूर्वी घरोघरी ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन असे, आणि विजेच्या शेगडीची कॉइल तर कोपऱ्यावरच्या दुकानात टांगलेली असे. माझे वडील कॉइल आणून, ती हाताने सारखी ताणून, शेगडीच्या खाचांत बसवत आणि आम्ही मुले शेजारी बसून पाहत असू. त्यात कोणालाच काही विशेष वाटत नसे. त्या मानाने रॉड बदलणे सोपे आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी जे पोर्टल सुरू केले, त्यात घरगुती उपकरणांचाही समावेश आहे. वस्तू विकणाऱ्याने तिचे सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती द्यावी, ही मागणी आता केवळ माझ्यासारखीचा हट्ट राहिलेली नाही.

भावोजींचा दुसरा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे: विजेशी खेळ नको. म्हणून काही गोष्टी बजावून सांगते. आपण ज्याला ओव्हन म्हणता तो मायक्रोवेव्ह असेल, तर वरचे सगळे विसरावे आणि त्याचा पत्रा उघडूच नये. त्याच्या कपॅसिटरमध्ये दोन हजार व्होल्टच्या आसपासचा दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो जीव घेऊ शकतो. वॉरंटी शिल्लक असेल तर आधी कंपनीकडे जावे. ओव्हन फार जुना असेल आणि आत राखाडी, तंतुमय पत्रा किंवा दोरी दिसली, तर ती ॲस्बेस्टॉसची असू शकते, म्हणून ती घासू किंवा फोडू नये. रॉड बसवल्यावर प्लगची अर्थची पिन आणि ओव्हनचा उघडा धातू यांच्यामधला रोध मोजावा. तो एक ओहमपेक्षा कमी यायला हवा. फेज आणि न्यूट्रलच्या पिना व पत्रा यांच्यामध्ये मात्र मीटरने सर्वांत मोठ्या पट्टीवरही काही दाखवता कामा नये, आणि ही तपासणी टायमर व बटणे चालू स्थितीत ठेवून करावी, नाहीतर रॉडपर्यंत मोजणी पोहोचतच नाही. १५०० वॅटचा ओव्हन साडेसहा अँपियर घेतो, म्हणून तो १६ अँपियरच्या सॉकेटवरच लावावा. कित्येक थिंबले आणि प्लग केवळ लहान सॉकेटच्या हट्टापायी जळतात.

कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर आणखी एक. पावसाळाभर न वापरलेल्या रॉडमधली भुकटी दमट हवेतले पाणी शोषते आणि ओव्हन लावताच ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, पडतो. असा रॉड मेलेला नसतो, दमट झालेला असतो. सुटा काढून दुसऱ्या ओव्हनमध्ये मंद आचेवर काही तास ठेवला आणि इलेक्ट्रिशियनकडून मेगरने, म्हणजे विजेची गळती होते का हे तपासणाऱ्या मीटरने, तपासून घेतला, तर पुष्कळदा तो पुन्हा वापरता येतो. ईएलसीबीला बगल देऊन ओव्हन चालवण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्या माणसाला पुन्हा घरी बोलावू नये.

नवा रॉड पहिल्यांदा तापताना थोडा धूर आणि तेलकट वास येतो, म्हणून खिडकी उघडी ठेवून ओव्हन अर्धा तास रिकामाच चालवावा. आपल्या सिलेक्टरची तपासणी कशी करायची, हे मी इथे लिहिलेले नाही, कारण त्याची रचना प्रत्येक मॉडेलमध्ये निराळी असते. मागच्या पाटीवरचे वॅट, खालच्या दोन्ही रॉडचे वेगवेगळे मोजलेले रोध आणि पत्रा काढल्यावरचा फोटो आपण दिलात, तर दोष रॉडचा आहे की सिलेक्टरचा, हे मी आपल्याला नक्की सांगू शकेन.