वाचकांचे प्रश्न : मोजायचे काय आणि कशासाठी?

प्रश्न : आमची संस्था लहान आहे. वाचनात मागे पडलेल्या मुलांचे वर्ग, गरोदर स्त्रियांच्या मासिक बैठका आणि घरगुती उद्योग करणाऱ्या स्त्रियांना भांडवल, अशी तीन कामे आम्ही करतो. या विषयांवर मोठमोठे अभ्यास झालेले असताना आम्ही आमच्यापुरते वेगळे संशोधन का करावे?

उत्तर : ते अभ्यास अवश्य वाचावेत, किंबहुना ते नीट वाचल्यावरच स्थानिक अभ्यासाची गरज पटते. तुमच्या बैठकांचेच पाहू. नेपाळमधील मकवानपूर जिल्ह्यात स्त्रियांचे गट तयार करण्यात आले. बाळंतपणातील आणि नवजात बाळाच्या अडचणी स्त्रियांनीच मांडायच्या आणि त्यांवरचे उपायही त्यांनीच ठरवायचे, अशी ती पद्धत होती. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, असे गट नसलेल्या भागाच्या तुलनेत तेथे नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. पुढे झारखंड आणि ओडिशातील आदिवासीबहुल भागात हीच पद्धत वापरली गेली आणि २०१० मध्ये त्याहूनही मोठी घट नोंदवली गेली. मात्र त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या बांगलादेशातील चाचणीत मृत्यूंच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही, आणि मुंबईच्या वस्त्यांमधील चाचणीतही तो दिसला नाही.

केवळ मकवानपूरचा अहवाल वाचणारा ही पद्धत हमखास यश देणारी ठरवील आणि केवळ बांगलादेशचा वाचणारा ती निरुपयोगी म्हणून सोडून देईल. बांगलादेशातील संशोधकांनी मात्र या दोन्हींपैकी काहीही न करता अपयशाचे कारण शोधले. तेथे सुमारे चौदाशे लोकसंख्येमागे एकच गट होता आणि गरोदर स्त्रियांपैकी फारच थोड्या त्यात येत होत्या. गटांची संख्या वाढवून ती साधारण तीनशे लोकांमागे एक अशी केल्यावर २०१३ च्या निष्कर्षांत नवजात मृत्यूंमध्ये ३८ टक्क्यांची घट दिसली. त्याच वर्षी अशा सात चाचण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, आणि जेथे किमान ३० टक्के गरोदर स्त्रिया गटांत सहभागी होत्या तेथेच ठळक परिणाम आढळला.

हा आकडा तुमच्या हाती पडल्यावर तुमचे संशोधन आपोआप ठरते. वर्षभरात किती बैठका झाल्या, हे अहवालात शोभून दिसते, पण त्यावरून काही कळत नाही. तुमच्या क्षेत्रात या महिन्यात गरोदर असलेल्या स्त्रिया किती, त्यांपैकी बैठकीला किती आल्या आणि ज्या आल्या नाहीत त्या कोण, या तीन प्रश्नांची उत्तरे घरोघरी जाऊन भरलेल्या साध्या नोंदवहीतून मिळतात. तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, कारण न येणाऱ्यांमध्येच बहुधा सर्वाधिक जोखमीच्या स्त्रिया असतात, आणि त्यांची नावे परदेशातील कोणत्याही अहवालात सापडणार नाहीत.

वाचनवर्गांनाही हेच लागू पडते. केनियात शाळांना पाठ्यपुस्तके दिल्यावर सरासरी गुण वाढले नाहीत. फायदा झाला तो आधीपासून हुशार असलेल्या मुलांना. पुस्तके इंग्रजीत होती आणि अनेक मुलांना ती वाचताच येत नव्हती. म्हणून वर्ग सुरू होण्यापूर्वी प्रत्येक मुलाला एकेकटे बसवून तो अक्षर, शब्द, परिच्छेद की गोष्ट वाचू शकतो, हे तपासावे, आणि काही महिन्यांनी पुन्हा तसेच तपासावे. सरासरीवर समाधान मानू नये. अक्षराच्या पायरीवर असलेली मुले पुढे सरकली का, हे वेगळे पाहावे.

प्रश्न : ज्या स्त्रियांना आम्ही भांडवल दिले त्यांपैकी अनेकींचा नफा वाढला नाही. ही योजना बंद करावी का?

उत्तर : बंद करण्यापूर्वी पैसा कोठे गेला, ते पाहा. श्रीलंकेत लहान उद्योजकांना दहा किंवा वीस हजार श्रीलंकन रुपयांचे अनुदान देऊन झालेल्या अभ्यासात पुरुषांच्या उद्योगांचा नफा चांगला वाढला, पण स्त्रियांच्या उद्योगांत सरासरीने काहीच वाढ दिसली नाही. स्त्रियांना धंदा जमत नाही, असा अर्थ यातून काढणे सोपे होते, आणि तो अन्यायाचा ठरला असता. २०१९ मध्ये भारत, श्रीलंका आणि घाना येथील माहिती पुन्हा तपासली गेली, तेव्हा वेगळेच चित्र समोर आले. घरात दुसरा कोणताही उद्योग नसेल तर स्त्रीच्या भांडवलातून नफा वाढत होता. घरात आणखी कोणाचा, बहुधा पतीचा, उद्योग असेल तर तिच्या नावावर आलेला पैसा तिकडे वळत होता. स्त्रीच्या उद्योगाचा नफा तेवढा मोजला तर यातले काहीच दिसत नाही.

म्हणून तुमच्या नोंदींत घरातील सर्व उद्योगांचा एक रकाना असावा. पैशाचा विनियोग कोणी ठरवला, हे स्त्रीला एकांतात, तिला अडचणीत न आणता विचारावे. नफा विचारताना दीर्घ हिशेबपत्रक भरून घेण्याचा अट्टहास नको. श्रीलंकेतच झालेल्या पाहणीनुसार, विक्री आणि खर्च यांचा तपशील घेऊन नफा काढण्यापेक्षा ‘सगळा खर्च वजा जाता गेल्या महिन्यात हाती किती उरले’ असे थेट विचारणे अधिक भरवशाचे ठरते.

तुमचे भांडवल कर्जाच्या रूपात असेल, तर अपेक्षाही बेताची ठेवावी. बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को येथील सहा अभ्यास २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. लघुकर्जाने कुटुंबांचे उत्पन्न सरासरीने फारसे वाढवले, असे त्यांपैकी एकाही अभ्यासात आढळले नाही.

प्रश्न : तुलनेसाठी काही मुलांना किंवा स्त्रियांना मदतीपासून दूर ठेवावे लागते. हे आमच्या मनाला पटत नाही.

उत्तर : तुमचा संकोच योग्य आहे आणि तो संशोधनाच्या आखणीत उतरला पाहिजे. ज्या उपचाराचा उपयोग निर्विवाद सिद्ध झाला आहे, तो तुलनेसाठी कोणालाही नाकारू नये. गरोदर स्त्रीच्या बाबतीत तर मुळीच नाही. पण साधने अपुरी असतील, तर कोणाला तरी थांबावे लागणारच असते, आणि तेव्हा ओळखीपाळखीने निवड करण्यापेक्षा सर्वांसमोर चिठ्ठ्या टाकणे अधिक न्यायाचे आहे.

वडोदऱ्यात मागे पडलेल्या मुलांना शिकवण्यासाठी बालसखी, म्हणजे स्थानिक तरुण शिक्षिका, नेमल्या गेल्या, तेव्हा निम्म्या शाळांना ती तिसरीच्या वर्गासाठी मिळाली आणि उरलेल्या निम्म्यांना चौथीसाठी. दुसऱ्या वर्षी वर्गांची अदलाबदल झाली. एकही शाळा वंचित राहिली नाही, आणि एका गटातील तिसरीची तुलना दुसऱ्या गटातील तिसरीशी करता आली. तुम्हीही पहिल्या सहामाहीत निम्म्या वस्त्या आणि दुसरीत उरलेल्या, असा क्रम लावू शकता.

प्रत्येकीची संमती तिला समजेल अशा भाषेत घ्यावी, नकार दिल्यास मदत थांबणार नाही हे आधीच सांगावे, आणि जे आढळले ते देणगीदाराकडे पाठवण्यापूर्वी त्याच स्त्रियांच्या बैठकीत वाचून दाखवावे. आकड्यांमागचे कारण पुष्कळदा त्याच सांगतात, आणि त्यांचे म्हणणे अंतिम अहवालात यावे, म्हणून ही बैठक अहवाल पूर्ण होण्याच्या आधीच ठेवावी.