तळं गोठल्यावर बर्फाखालचे मासे हिवाळा कसा काढतात? ते झोपी जातात का?

नाही, झोपी जात नाहीत. बहुतेक मासे खोल पाण्यात जाऊन हालचाल अगदी कमी करतात. पाणी सर्वांत जड असतं ते सुमारे ४ अंश सेल्सिअसला. म्हणून तेवढ्या तापमानाचं पाणी तळाशी बसतं, त्याहून थंड पाणी वर राहतं आणि बर्फ वरूनच धरतो. मासा थंड रक्ताचा, त्यामुळे गारठ्यात त्याचा चयापचय मंदावतो. अन्न आणि ऑक्सिजन दोन्ही थोडे पुरतात. कार्प तर जवळजवळ निश्चल पडून असतो. पण सगळ्यांना एकच नियम लावू नका: ट्राउट, पाइक, पर्च बर्फाखालीही शिकार करतात आणि बर्बट नावाचा मासा भर हिवाळ्यातच अंडी घालतो!

खरा धोका थंडीचा नसून गुदमरण्याचा. बर्फावर हिमाचा जाड थर साचला की उजेड अडतो, पाणवनस्पती ऑक्सिजन तयार करत नाहीत आणि तळाचा कुजणारा गाळ उरलेला ऑक्सिजन खात राहतो. उथळ तळ्यांत यामुळे मासे मोठ्या संख्येने मरतात. क्रूशियन कार्प (कार्पचाच एक भाऊबंद) मात्र ऑक्सिजनअभावी शरीरात तयार होणाऱ्या लॅक्टिक आम्लाचं अल्कोहोल करून कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो आणि ऑक्सिजनशिवाय कित्येक आठवडे तगतो.