दोन एकर विकून मुलाला इंजिनिअरिंगला घालावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मुलाला सीईटीत पर्सेंटाइल कमी पडले, एका खासगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर मिळतंय, फी आणि होस्टेल धरून चार वर्षांचे दहा लाख होतात. मग दोन एकर विकायची, कर्ज काढायचं की शिक्षणाचा नादच सोडायचा? मी सरकारी बँकेत कर्जाचं काम बघतो. दरवर्षी पाऊस सुरू झाला की असल्याच फायली टेबलावर येतात. माझं मत विचाराल तर पोराला शिकवा, पण ही सीट या भावात घेऊ नका.

आधी हिशेब मांडू. दरवर्षी अडीच लाख उचललेत आणि व्याज दहा टक्के धरलं, तर कोर्सची चार वर्षं आणि वरचं सवलतीचं एक वर्ष मिळून सरळव्याजच साडेतीन लाख होतं. या काळात हप्ता नसतो, त्यामुळे घरात कुणाला ते जाणवत नाही. हप्ता सुरू होतो तेव्हा डोक्यावर साडेतेरा लाख असतात. दहा वर्षांत फेडायचे म्हटलं तर महिन्याला जवळपास १७,८०० रुपये. साध्या कॉलेजातून निघालेल्या पोराचा पहिला पगार माझ्या समोर येणाऱ्या फायलींत बरेचदा याच्याच आसपास असतो. त्यात पुण्यात कॉट बेसिसवर राहायचं आणि मेसही लावायची.

तारणाचंही बघा. साडेसात लाखांच्या वर गेलात की बँक सहसा तारण मागते, आणि शेतजमीन बहुतेक वेळा चालत नाही, कारण थकलेल्या कर्जापोटी तारण जप्त करायचा अधिकार बँकेला देणारा जो सरफेसी कायदा, त्यात ती वगळलेली आहे. म्हणजे राहतं घर अडकवावं लागतं. शिवाय सहकर्जदार तुम्हीच. पोराला नोकरी लागायला वर्ष-दीड वर्ष गेलं आणि हप्ते थकले की सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा स्कोअर, तुमचाही पडतो, आणि पुढच्या खरिपाला पीककर्जाचं नवंजुनं (जुनं फेडून नवं उचलणं) करायला गेलात की तिथे गाडी अडते. सही करताना हे कुणी सांगत नाही. सह्या होतात, पेढ्याचा बॉक्स आमच्या टेबलावर येतो, आणि बाप सगळ्यात शेवटी हळूच विचारतो, ‘साहेब, हप्ता किती बसंल?’

आता मॅनेजमेंट कोट्याचं. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, खुल्या गटातल्या मुलालाही निम्मी शिकवणी फी माफ होते. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षण) आणि ओबीसी मुलींना तर ती पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. त्याच वर्गात, त्याच बाकावर बसलेल्या दोघांपैकी एकाला निम्मी फी आणि कोट्यातल्याला सगळी. ब्रँचचा हट्ट थोडा सोडला, मेकॅनिकल, सिव्हिल चालणार असेल, तर कमी पर्सेंटाइललाही शेवटच्या फेऱ्यांत जागा निघतात.

१९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली, त्याआधी इथली पोरं देणगी भरून कर्नाटकात जायची. त्या पिढीत इंजिनिअर म्हणजे नोकरी हे समीकरण खरं होतं, आणि तेच अजून आपल्या डोक्यात बसलंय. एसटी स्टँडबाहेर कॉलेजांचे फ्लेक्स बघा : सगळ्यात मोठ्या पॅकेजवाल्या एका पोराचा फोटो मोठा. बाकीच्या वर्गाचं काय झालं ते फ्लेक्सवर नसतं. ते कॉलेजच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर कळतं. मुलाला घेऊन एक दुपार तिथे बसा आणि शेवटच्या वर्षाच्या पोरांना विचारा, कंपन्या कुठल्या आल्या, कितीजणांना घेतलं, पगार हातात किती.

मग करायचं काय? मुलगा बारावी सायन्स आहे, तर त्याला पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. सरकारी पॉलिटेक्निकची फी वर्षाला दहा हजारांच्या आतबाहेर. दोन वर्षांत डिप्लोमा हातात, आणि मार्क चांगले असतील तर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला कॅपमधूनच, शिष्यवृत्तीसह. वर्ष एक जादा जातं, पण मधेच घरची अडचण आली तरी डिप्लोमावर चाकणच्या, सुप्याच्या कारखान्यांत काम मिळतं. बारावी अधिक दीड वर्ष इंजिनिअरिंग एवढ्यावर कुणी उभं करत नाही. मुलाला मशीनची आवड नसेल तर अनुदानित कॉलेजातलं बीएस्सी बघा. तिथल्या फीसाठी जमीन विकायची वेळ येत नाही.

सरकारी कॉलेजात किंवा नावाजलेल्या स्वायत्त कॉलेजात कॅपमधून नंबर लागला असता, तर मीच म्हणालो असतो की कर्ज काढा. तिथले हप्ते सहसा वेळेवर येतात.

तूर्त जमिनीचा विसार घेऊ नका; कॅपच्या सगळ्या फेऱ्या संपू द्या. आणि ‘सीट अडवून ठेवतो’ म्हणून कुणी रोख मागितली तर पावतीशिवाय देऊ नका, दाखल्यांच्या मूळ प्रतीही त्यांच्याकडे सोडू नका. एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या नियमाने कॉलेजला त्या ठेवून घेता येत नाहीत, तरी बरेच जण ठेवतात आणि पोरगं पुढच्या फेरीला अडकतं.