डाउनलोड होणाऱ्या फाइलला मराठी नाव

प्रश्न : प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं आमच्या वेबसाइटवरून पीडीएफमध्ये मिळतात. फाइली दुसऱ्या डोमेनवरच्या सर्व्हरवर आहेत. लिंकला डाउनलोड ॲट्रिब्यूट लावून नाव दिलं, तरी फाइल 'सर्टिफिकेट' याच नावानं उतरते. सर्व्हरकडून मराठी नाव पाठवलं तर भलतीच चिन्हं दिसतात. काय करावं?

उत्तर : डोमेन वेगळं आहे, तिथेच घोडं अडलंय. ॲट्रिब्यूटमधलं नाव ब्राउझर मानतो ते पानाच्याच ओरिजिनवरच्या, म्हणजे प्रोटोकॉल, डोमेन आणि पोर्ट तेच असलेल्या फाइलीसाठी, किंवा ब्लॉब आणि डेटा लिंकसाठी, म्हणजे ज्यांची फाइल ब्राउझरपाशीच असते त्यांच्यासाठी. शिवाय सर्व्हरनं हेडरमध्ये, म्हणजे फाइलीआधी पाठवलेल्या माहितीच्या ओळींत, नाव दिलं असेल, तर तेच चालतं. म्हणून दुरुस्ती सर्व्हरवरच करा, कंटेंट-डिस्पोझिशन या हेडरमध्ये.

भलत्या चिन्हांचा अनुभव मीही घेतलाय. माझ्या एका कामात प्रत्येक अक्षराच्या जागी तीन-तीन चिन्हं येत होती आणि त्यातलं पहिलं नेहमी तेच, डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन 'ए'. त्यावरूनच मला उलगडा झाला. अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या यूटीएफ-८ या संकेतात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, पहिला बाइट कायम ई०. हेडर जुन्या लॅटिन-१ संकेतानं वाचला की त्या ई०चं हे 'ए' होतं.

यावरचा उपाय २०११च्या आरएफसी ६२६६ या इंटरनेट मानकात आहे. 'अटॅचमेंट' लिहून पुढे नाव दोनदा द्यायचं. आधी साधं फाइलनेम, रोमन अक्षरांत, दुहेरी अवतरणात. मग तारांकित फाइलनेम, म्हणजे त्या शब्दाला जोडून तारा, आणि त्यापुढे बरोबरचं चिन्ह, यूटीएफ-८, लागोपाठ दोन एकेरी अवतरणचिन्हं आणि टक्का-संकेतातलं, म्हणजे प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हापुढे लिहिलेलं, मराठी नाव. त्या दोन चिन्हांच्या मधे भाषेचा संकेत लिहिता येतो, पण जागा रिकामी ठेवली तरी चालते. चिन्हं मात्र दोन्ही हवीतच. आणि तारांकित नावाला दुहेरी अवतरण घालू नका, ही चूक फार जण करतात. आजचे ब्राउझर तारांकित नाव घेतात, ते न कळणारे साध्यावर भागवतात.

सर्व्हरचा कोड पीएचपी भाषेत असेल तर टक्का-संकेतासाठी रॉ-यूआरएल-एनकोड हे फंक्शन वापरा. नुसत्या यूआरएल-एनकोडनं मोकळ्या जागी अधिकचिन्ह येतं आणि ते फाइलच्या नावात तसंच राहतं.

नाव प्रशिक्षणार्थीनं स्वतः भरलेलं असेल तर त्यातली अवतरणचिन्हं, तिरक्या रेघा आणि ओळ तोडणारी चिन्हं आधी काढून टाका. यात हयगय नको, नाहीतर कुणीही तुमच्या हेडरमध्ये हवं ते घुसवू शकेल. नाव आटोपशीर ठेवा. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, म्हणजे देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हं, आणि त्यात काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. दोन आडनावं आणि अभ्यासक्रमाचं लांबलचक नाव जोडलं की एवढी चिन्हं सहज भरतात.

आज एवढं करून पाहा : तारांकित नावात फक्त 'अ' ठेवा, म्हणजे टक्का ई०, टक्का ए४, टक्का ८५, आणि पुढे टिंब-पीडीएफ. तो 'अ' नीट उतरला की पूर्ण नाव घाला.