भूमिबल की फूमिफोन?

प्रश्न असा आहे: थायलंडच्या दिवंगत राजाचं नाव इंग्रजीत 'बी-एच'ने सुरू होतं, थाई माणूस मात्र 'फूमिफोन' म्हणतो. मग थाई व्यक्तिनावांचं प्रमाण इंग्रजी स्पेलिंग कोणतं धरायचं?

माझं मत पक्कं आहे. नाव ज्याचं, स्पेलिंग त्याचं. पासपोर्टवर, स्वतःच्या पुस्तकावर त्या माणसाने जे लिहिलं तेच प्रमाण. आपल्याकडच्या सगळ्या चौधरींना आपण कधी एकाच स्पेलिंगला बांधतो का?

घोळ होतो कारण थाई लिपीने संस्कृत-पालीची अक्षरं जपली, पण जिभेवर ती बदलली. राजाचं नाव थाईत अक्षरशः 'भूमिबल' असंच लिहितात. भ आणि ब या दोन्हींचा उच्चार तिथे फ (ओठ मिटून म्हणायचा, आपल्या 'फळा'तला), आणि शेवटच्या ल चा न. झालं फूमिफोन! सुवर्णभूमी विमानतळाचंही तेच, बोलताना 'सुवन्नफूम'. राजघराण्यातली नावं इंग्रजीत बहुधा अक्षरं पाहून लिहिली जातात. उलट थाई भाषेचे नियम ठरवणाऱ्या रॉयल इन्स्टिट्यूटची (आताची रॉयल सोसायटी) थाई शब्द रोमन लिपीत लिहिण्याची सरकारी पद्धत (सध्याचं रूप 1999चं) उच्चारावर चालते. रस्त्यांवरच्या पाट्यांना, गावांच्या नावांना ती उत्तम.

माणसांच्या नावांना ती अपुरी पडते. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घ नाही, सूर (थाईत अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार) नाहीत, ओ आणि ऑ यांना एकच 'ओ'. त्यामुळे 'बल'वरून आलेला 'फोन' आणि 'वर' म्हणजे आशीर्वाद यावरून आलेला 'फॉन' हे दोन्ही 'पी-एच-ओ-एन' होतात. सिरिफॉन नावाच्या बाईंनी आपल्या नावातला ऑ दिसावा म्हणून 'ओ'पुढे 'आर' घातला, तर तो खोडायचा अधिकार आपल्याला नाही. जुन्या काळातल्या ज्या व्यक्तींचं स्वतःचं स्पेलिंग सापडतच नाही, त्यांच्यापुरती सरकारी पद्धत खुशाल वापरावी.

देवनागरीत लिहिताना मात्र इंग्रजी स्पेलिंग वाचू नका, उच्चार ऐका. 2023 साली पंतप्रधान झालेल्या स्रेत्था थवीसिन यांच्या नावात इंग्रजीत 'आर' आहे, उच्चारात नाही. ते 'सेत्था'. मूळ संस्कृत श्रेष्ठ. आपला 'शेठ' त्याच घरातल्या 'श्रेष्ठी'वरून आला, आणि त्यातलाही र असाच गळून गेलाय.